दोन बोटं माया

मास्तरांबद्दल चांगलं बोलणारी माणसं पुष्कळ सापडतील. त्यातली निम्मी त्यांनीच शिवलेल्या विजारी घालून बसलेली असतील. मी त्यांच्याकडून कधी रुमालसुद्धा शिवून घेतला नाही, त्यामुळे मला खरं बोलायला हरकत नाही.

मी कोंडवाड्यात काम करते. भटकी, चावरी, टाकून दिलेली आणि कचेरीनं उचलून आणलेली कुत्री ठेवतात ती जागा. बारा पिंजरे, एक नळ, मापाचं एक टेबल, आणि टेबलामागं एक कारकून. त्याला कुत्र्यांच्या केसांनी शिंका येतात आणि कामानं झोप येते. पिंजरे धुणं, खायला घालणं आणि माप घेताना कुत्रं धरणं ही माझी कामं. चौदा वर्षं झाली. भावजय म्हणते, वन्सं, तुमच्या अंगाला वास येतो. मी म्हणते, येतो, पण कुत्र्यांचा येतो, माणसांचा नाही ना, मग झालं तर.

पूर्वी आमच्याकडे मापबिप काही नव्हतं. कुत्रं चावलं की आणायचं, दहा दिवस बघायचं, धड असलं की सोडायचं. मग एका कंत्राटदाराच्या कुत्र्यानं पोस्टमनच्या मांडीचा लचका तोडला. कुत्रं मोठं, किमतीचं, लांबून मागवलेलं, आणि दिवसभर साखळीला बांधून नोकरांच्या लाथा खाणारं. कुणीही चावलं असतं. मीही चावले असते. पण साखळी कुणाची आणि लाथ कुणाची, हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की जात कोणती.

समिती बसली. सात जण, त्यातल्या एकाच्याही घरी कुत्रं नाही. त्यांनी चार जातींची यादी काढली आणि म्हणाले, या चार वाईट. आता त्या जातींची कुत्री ज्यांच्याकडे होती, ती माणसं कालपरवापर्यंत पाहुण्यांना कुत्र्याची वंशावळ वाचून दाखवायची. यादी लागली आणि सगळी कुत्री एका दिवसात गावठी झाली. अर्जावर 'जात' असा रकाना होता. कुणी लिहिलं मिश्र, कुणी लिहिलं माहीत नाही. एकानं लिहिलं, आईकडून बरी.

समितीचं हसं झालं. पण घोडं अडलं की कुणाचा तरी मेव्हणा हजर असतोच, तसा इथंही होता. त्यानं कुठंतरी वाचलं होतं, की कुत्र्याची सगळी ताकद गळ्यात असते. झालं. जात राहू द्या, गळा मोजा. ज्याच्या गळ्याचा घेर सतरा इंच किंवा जास्त, ते कुत्रं धोकादायक. मालकानं पंधरा दिवसांत घराला आठ फुटी भिंत घालायची आणि कुत्र्याच्या तोंडाला जाळीचं मुसकं बांधायचं. नाही जमलं तर कुत्र्याला कायमचं झोपवायची सुई. कंत्राटदाराची भिंत पाच दिवसांत उभी राहिली, विटा घरच्याच होत्या. त्याचं ते चावरं कुत्रं आजही भिंतीमागं मजेत आहे. ज्यांच्या खोलीला धड कडी नाही, ते भिंत कुठून आणणार? त्यांची कुत्री माझ्याकडे यायची.

मापं आधी कारकून घ्यायचा. एका वकिलानं एकाच कुत्र्याची तीन वेळा मापं घ्यायला लावली आणि ती तीन तऱ्हेची आली. वकील कुत्रं घेऊन हसत गेला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, मी सुई टोचतो, घेर मोजत नाही. तेव्हा कचेरीच्या साहेबांना मास्तर आठवले. साहेबांच्या वीस वर्षांच्या विजारी मास्तरांच्या हातच्या. साहेबांचं पोट वाढत गेलं तरी विजार कधी रुतली नाही, याचं श्रेय साहेब मास्तरांना द्यायचे. पोटाला कुणी काही बोललं नाही.

कचेरीच्या मागच्या गल्लीत मास्तरांचं दुकान होतं. अरुंद खोली, दर्शनी फळी, आधी तीन मशिनी, मग दोन, मग एक. लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि मास्तरांच्या फळीवर नुसत्या उसवलेल्या शिवणी यायला लागल्या. त्यांचा स्वतःचा मुलगा तयार कपड्यांच्या दुकानात नोकरीला लागला. हे मास्तरीणबाई कुणाला सांगायच्या नाहीत, मास्तर तर नाहीच. दुकान बंद झाल्यावर वर्षभर मास्तर घरी बसून मास्तरीणबाईंच्या पडद्यांना झालर लावत होते. म्हणून साहेबांचा निरोप आला तेव्हा 'कुत्र्यांची मापं?' असं एकदाच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी गळ्यात टेप टाकून हजर झाले.

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही. काडीसारखी अंगकाठी, कानामागं पेन्सिल, सदऱ्याला कडक इस्त्री, आणि तोरा असा की जसं काही राजाचा अंगरखा बेतायला आलेत. कुत्र्यांना भयंकर घाबरायचे. मी कुत्रं दोन्ही हातांनी आवळून धरलं की मग पुढं व्हायचे, आणि त्याला म्हणायचे, 'सरळ उभे राहा.' कुत्र्याला. आणि कुत्र्याच्या तोंडाकडे कधी म्हणून बघायचे नाहीत. 'तोंड बघून माप घेतलं की माप चुकतं, बाई,' हे मला त्यांनी शिकवलं. दुसरं एक वाक्य होतं, 'माप म्हणजे माप.' मालक रडला, भांडला, हाता-पाया पडला, तरी हेच. आणि तिसरं, चहा पिताना, दर दोन दिवसांनी: 'चाळीस वर्षांत माझा एक कपडा तंग होतो म्हणून परत आला नाही.' मी म्हणायचे, बरं.

साहेबांच्या बायकोचं उशीएवढं एक कुत्रं आहे, ते कचेरीत येऊन कारकुनाला दोनदा चावलं, मास्तरांच्या अंगठ्याला एकदा. मास्तरांनी त्याचंही माप घेतलं. गळा नऊ इंच. म्हणजे नियमाप्रमाणे गरीब गाय.

मास्तरांची माप घ्यायची एक पद्धत होती. टेप गळ्याभोवती फिरवायची, आणि टेपेच्या आतून डाव्या हाताची दोन बोटं घालायची. मग आकडा सांगायचा. मला वाटायचं, घाबरतो बिचारा, पण निदान जनावराला आवळत तरी नाही. मास्तरांच्या बाबतीत मला बरी वाटलेली ही एवढी एकच गोष्ट. आणि मी एकटीच नव्हते. एक घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा होता, मागच्या वर्षी त्याची कुत्री आणली होती. तपकिरी, संथ, म्हाताऱ्यासारखीच एका डोळ्यानं अधू. गळा सव्वासतरा. त्याच्या खोलीला भिंत घालायची तर आधी खोली बांधायला लागली असती. शेवटच्या दिवशी तो आला, तिच्या गळ्यातला पट्टा सोडून माझ्या हातात दिला, आणि मास्तरांना हात जोडून म्हणाला, 'तुम्ही तिला आवळलं नाहीत, बोटं घालून धरलंत. मी बघितलं. बरं वाटलं.' मास्तर म्हणाले, 'सवय आहे.'

सुई दिलेल्या कुत्र्यांचे पट्टे मी एका खिळ्याला अडकवून ठेवायचे. मालक मागायला येतील म्हणून. कुणी येत नाही. दीड वर्षात मास्तरांच्या टेपेनं एकोणीस पट्टे झाले.

मग ठोंबी आली.

ठोंबी म्हणजे काजूबाईंची कुत्री. काजूबाईंचं खरं नाव त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नसेल. मास्तरांच्या दुकानात त्या सव्वीस वर्षं काजं करत होत्या, बटणाची भोकं, म्हणून काजूबाई. दुकान बंद करायचं ठरलं तेव्हा मास्तरांनी त्यांना शनिवारी संध्याकाळी सांगितलं, की सोमवारी येऊ नका. सव्वीस वर्षांना एवढंच. आता त्या एका खोलीत एकट्या राहतात, मान वाकलेली, चष्म्याच्या काचा जाड. नवरा केव्हाच गेला, मूलबाळ नाही. ठोंबी नऊ वर्षांची. दुकानातल्या चिंध्यांच्या गोणीत कुणीतरी पिल्लू टाकून गेलं होतं, तीच ही. डोकं मोठं, छाती रुंद, आणि अक्कल बेताची. तिच्याविरुद्ध वरच्या मजल्यावरच्या बाईनं तक्रार दिली होती. तक्रारीत लिहिलं होतं, कुत्री बघते. कुणाला चावली नाही, भुंकली नाही. बघते.

मी ठोंबीला टेबलावर धरलं. तिनं मास्तरांना ओळखलं, शेपटीनं टेबल बडवायला लागली. सहा वर्षं त्यांच्या मशिनीखाली झोपली होती ती. मास्तर तिच्या कानांच्या वरून पलीकडे भिंतीकडे बघत होते. टेप फिरवली, दोन बोटं घातली, आणि म्हणाले, 'साडेसतरा.'

कारकुनानं लिहिलं.

काजूबाई टेबलापलीकडे उभ्या होत्या. त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, 'मास्तर, तुम्ही माया सोडलीत.'

मला कळलं नाही. कारकुनालाही कळलं नाही. शिंपी कपड्यात जी जास्तीची जागा सोडतात, त्याला ते माया म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

'माणसाच्या गळ्याला सोडता तशी दोन बोटं माया सोडलीत,' काजूबाई म्हणाल्या. 'हिला काय सदरा शिवायचाय? बोटं काढा आणि परत घ्या.'

मास्तरांची बोटं अजून टेपेच्या आतच होती. त्यांनी बोटांकडे पाहिलं, जसं काही ती दुसऱ्याच कुणाची आहेत. इतका वेळ पाहिलं, की कारकुनानं मान वर केली. मला वाटलं, आता परत घेतील. टेप ओढायला लागतो तो किती वेळ? पण मास्तरांनी टेप काढली, गुंडाळली, आणि म्हणाले, 'माप म्हणजे माप.'

मी पुष्कळ माणसं बघितली. लाथा मारणारी बघितली, पिल्लं पोत्यात बांधून टाकणारी बघितली. पण त्या क्षणी मास्तरांइतकं हलकं मला कुणीच वाटलं नाही. काजूबाईंनी ठोंबीच्या डोक्यावर एकदा हात ठेवला आणि गेल्या. ठोंबीला मी सात नंबरच्या पिंजऱ्यात घातलं. पंधरा दिवस सुरू झाले.

दुपारी कारकून जेवायला गेल्यावर मास्तर आत आले आणि मापाची वही मागितली. म्हटलं, टेबलावर आहे, तुमचीच कर्तबगारी आहे त्यात. मी पिंजरे धूत होते. त्यांनी उलट्या बादलीवर बसून वही मांडीवर घेतली आणि कानामागची पेन्सिल काढली. दोन बोटांचा गळ्याला एक इंच होतो, हे त्यांना काय मोजायला लागणार? प्रत्येक आकड्यातून एक वजा करत खाली गेले. पान संपलं की उलटायचे. मग परत पहिल्यापासून. शेवटी म्हणाले, 'अकरा.'

'अकरा काय?'

'एकोणिसातली अकरा सतराच्या आत होती.'

नळ वाहत होता, तो मी बंद केला. मास्तर मामाबद्दल बोलायला लागले. त्यांना मामानं शिवण शिकवलं. पहिलंच माप त्यांनी अंगाला चिकटून घेतलं, तर मामानं बोटांवर लाकडी पट्टी मारली. म्हणाला, माणूस श्वास घेतो, घास गिळतो, रागावतो. गळ्याला तेवढी माया सोडत जा, बोटं विसरू नकोस. 'तेव्हापासून टेप हातात आली की बोटं आपोआप आत जातात, बाई. मला कळतसुद्धा नाही. मला कुणी सांगितलं नाही.'

'सकाळी सांगितलं की,' मी म्हटलं. 'सांगितलं तेव्हा माप म्हणजे माप. अकरा जिवांपेक्षा तुमचा तोरा मोठा. बाईनं सव्वीस वर्षं तुमच्या कपड्यांना भोकं पाडली, तिला एक शब्द दिला नाहीत. त्या कुत्रीनं शेपटी हलवली, तिच्याकडे बघितलं नाहीत. तुम्ही कसले मास्तर?'

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, 'बोटं तुम्हीपण बघत होतात ना?'

हे मात्र खरं होतं. एकोणीस वेळा मी कुत्रं धरलं आणि एकोणीस वेळा ती बोटं बघितली. माझ्या नाकापासून वीतभर लांब. आणि मनात म्हणत होते, निदान आवळत तरी नाही. इतरांना नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, आणि अक्कल म्हणाल तर ठोंबीपेक्षा फार जास्त नाही. मास्तरांचा मला आणखीच राग आला.

ते साहेबांकडे गेले. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि मी मुद्दाम तिथली फरशी पुसायला घेतली. मास्तरांनी सगळं सांगितलं, वही दाखवली. साहेबांनी वही बंद केली.

'मास्तर, एक आकडा बदलला की उद्या अकरा जण दारात. मग साहेब काय करत होते, समिती काय करत होती. आणि सही कुणाची? तुमची.' मग आवाज उतरवून म्हणाले, 'एका कुत्रीचा प्रश्न आहे ना? पिंजऱ्याची कडी कधीकधी उघडी राहते. कुत्री पळतात. आपण मागं लागत नाही.' आणि माझ्याकडे पाहिलं, जशी मीच ती कडी.

मी तो निरोप काजूबाईंना दिला. खोटं कशाला बोलू, मला ती सोय बरी वाटली होती. कुत्री घरी जाते, कुणाचं काही जात नाही. काजूबाई दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, 'चोरून का नेऊ? तिनं काय चोरलंय? वर्षानुवर्षं तिला घेऊन मी त्या जिन्यानं खाली उतरते. उद्या लपवून कुठं ठेवू, पेटीत?' आणि दुसऱ्या दिवशी येऊन रीतसर हरकत नोंदवली, की माप पुन्हा घ्यावं. हरकतीचा नियम असा, की दुसरं माप त्याच मापाड्यानं घ्यायचं. समितीची हुशारी. चोरालाच विचारायचं, चोरी झाली का.

आठव्या दिवशी माप ठरलं. मला वाटत होतं, मास्तर आजारी पडतील. आले. इस्त्रीचा सदरा, कानामागं पेन्सिल. टेप फिरवली आणि डावा हात पाठीमागं नेला, लहान पोर गृहपाठ लपवतं तसा. एकाच हातानं टेप जुळवली. 'साडेसोळा,' म्हणाले. कारकुनाच्या हातून वही ओढून घेतली, आकडा स्वतः लिहिला. मग मागची पानं उलटून अकरा ठिकाणी जुन्या आकड्यावर रेघ मारली, शेजारी खरा आकडा लिहिला आणि खाली, चूक माझी, असं लिहून सही केली. अकरा सह्या व्हायला बराच वेळ लागला. कारकून शिंकायचंही विसरला.

मला वाटलं, संपलं. सुटकेच्या कागदावर साहेबांची सही तेवढी राहिली होती. साहेबांनी सही केली नाही. त्यांनी समिती बोलावली.

समितीनं काय केलं असेल? तुम्ही आणि मी डोकं फोडून घेतलं तरी सुचणार नाही. त्यांनी नियमातला आकडा सतरावरून सोळावर आणला, आणि ठराव केला, की हा आकडा पहिल्यापासूनच लागू समजावा. म्हणजे ती अकरा कुत्री पुन्हा धोकादायक झाली, मेल्यावर. म्हणजे कुणाचं काही चुकलंच नाही. मास्तरांना कामावरून काढलं नाही, कारण काढलं असतं तर मापं चुकली असं झालं असतं. साहेब मास्तरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, 'बघा, तुमची अब्रू राखली.' आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथं उलटं, आंधळं दळत होतं आणि कुत्रंच जात्यात होतं.

आणि ठोंबी साडेसोळा. पण जिवंत कुत्र्याला सुई देण्याआधी नव्या नियमाप्रमाणे माप घ्यायलाच हवं, म्हणून चौदाव्या दिवशी तिचं तिसरं माप. या वेळी साहेब स्वतः आले. धोकादायक कुत्री म्हणून टेबलापासून सहा हात लांब, दारात उभे राहिले. काजूबाई आपल्या जागी. मी ठोंबीला धरलं. दोन आठवडे पिंजऱ्यात काढून तिचा वास माझ्यासारखाच झाला होता. डॉक्टरांची पेटी खिडकीत ठेवलेली होती आणि ते बाहेर हात धूत होते.

मास्तर पुढं आले. टेपेला हात लावायच्या आधी त्यांनी ठोंबीच्या तोंडाकडे बघितलं. पहिल्यांदा. तिनं त्यांचं मनगट चाटलं. त्यांनी हात मागं घेतला नाही. मग टेप फिरवली, दोन टोकं जुळवली, आणि जुळलेल्या आकड्यावर अंगठा ठेवला.

'पावणेसोळा.'

मी वीतभर अंतरावर होते. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंचे आकडे मला दिसत होते. साडेसोळाच होतं, दोरा इकडे नाही की तिकडे नाही.

'किती?' साहेब दारातून म्हणाले.

'पावणेसोळा.'

'आठवड्यापूर्वी साडेसोळा होतं.'

'इथलं खाऊन कुणी जाड झालंय का आजवर?' मी म्हटलं. 'खंगली. माझ्याकडे बघा.'

'पुन्हा घ्या.'

मास्तरांनी पुन्हा घेतलं. अंगठा त्याच जागी. 'पावणेसोळा. माप म्हणजे माप, साहेब. वाटल्यास या, जवळून बघा.'

साहेबांनी ठोंबीकडे पाहिलं. ठोंबीनं साहेबांकडे पाहिलं, तक्रारीत लिहिलं होतं तसंच. साहेब पुढं आले नाहीत. कारकुनानं काजूबाईंना विचारलं, मालकाची हरकत? सव्वीस वर्षं मास्तरांची मापं बघितलेली ती बाई, तिला अंगठा दिसला नसेल असं मी मानत नाही. त्या म्हणाल्या, 'बरोबर आहे.' सहीच्या जागी स्वतःचा अंगठा उठवला, ठोंबीच्या गळ्यात पट्टा बांधला आणि मास्तरांशी एक अक्षर न बोलता तिला घेऊन गेल्या. मास्तर त्यांच्या पाठीमागं दारापर्यंत गेले आणि तिथूनच परत आले.

त्यानंतर आमच्याकडे एकही कुत्रं सोळाच्या वर गेलेलं नाही. वासराएवढी येतात, पावणेसोळा होऊन जातात. समितीनं अहवाल छापला, की कडक नियमामुळे धोकादायक कुत्री संपली. साहेबांचा सत्कार झाला. कंत्राटदार अध्यक्ष होता. त्याच्या कुत्र्यानं गेल्या महिन्यात भिंतीच्या आतच माळ्याचा हात फोडला. पण ते भिंतीच्या आत, म्हणजे नियमात.

एक दिवस चहा पिताना मी मास्तरांना विचारलं. मला टोचायचंच होतं. म्हटलं, 'हे इतकं सोपं होतं, तर आधी का नाही जमलं? अकरा तरी वाचली असती.'

मास्तर म्हणाले, 'आधी मी खोटं बोलत नव्हतो ना, बाई.'

त्यांनी कप धुऊन ठेवला, खिळ्यापाशी गेले आणि पट्टे एकेक करून बघितले. त्यातला एक काढून घेतला, तपकिरी कुत्रीचा. म्हणाले, त्या घड्याळवाल्याला देऊन येतो, आणि खरं काय ते सांगून येतो. सगळ्यांना सांगायचं, पण सुरुवात त्याच्यापासून. मी म्हटलं, जा. मनात म्हटलं, बघू, दम किती आहे.

तासाभरानं परत आले. पट्टा हातातच होता.

'नव्हता का घरी?'

'होता.' ते बादलीवर बसले. 'दार उघडलं आणि मला ओळखलं. मी तोंड उघडायच्या आत त्यानं माझा हात धरला, हाच, डावा. घरातल्या सुनेला हाक मारली. म्हणाला, हेच ते, मी सांगत नव्हतो का, यांनी आपल्या म्हातारीला आवळलं नाही. दोन बोटं आत घातली होती.'

मी त्यांच्या हातातून पट्टा घेतला आणि परत खिळ्याला अडकवला.